तुरुंग : सजा, सुधार आणि परतीची वाट

कळंबच्या स्टँडवरून नागपूरची एस.टी. पकडली, की देवळी, वर्धा, बुटीबोरी करत ती वर्धा रोडने नागपुरात शिरते. शहर सुरू झाले, की थोड्या वेळाने मध्यवर्ती कारागृहाची हद्द लागते. बहुतेक प्रवाशांचे तिकडे लक्षही जात नाही. पण कधी कधी गाडीत एखादी बाई मांडीवर पिशवी घेऊन गप्प बसलेली असते. जेल जवळ आले, की ती कंडक्टरजवळ जाते आणि दुसऱ्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात उतरवून द्यायला सांगते. ती 'मुलाखती'ला चाललेली असते. गावात कोणी विचारलेच, तर 'नागपूरला दवाखान्यात गेले होते' असे तिचे उत्तर ठरलेले असते.

आम्ही या गाडीने बरीच वर्षे ये-जा केली. त्या भिंतीकडे पाहून मनात येणारे प्रश्न साधेच आहेत. तिच्या आत माणसाला फक्त सजा मिळते, की तो सुधारतोही? आणि सुटून आल्यावर तो पुन्हा त्या वाटेला जायचा राहतो का? हे प्रश्न न्यायाधीशांचे आणि जेलरसाहेबांचे आहेत असे समजून आपण सोडून दिले आहेत. आमच्या मते ते आपले आहेत. एक तर महाराष्ट्राच्या तुरुंगांत आपली माणसे लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त आहेत. दुसरे म्हणजे, सुटलेला माणूस शेवटी मोहल्ल्यातच परत येतो. या प्रश्नांचा इतिहास आहे आणि त्यातला काही भाग आपल्याच मुलखात घडला आहे. तो आधी पाहू.

कोतवालाची जबाबदारी

आज कळंब म्हटले की लोकांना चिंतामणीचे मंदिर आठवते. पण अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातील सरकारांची जी यादी आहे, तीत 'कलम' हे एक सरकार आहे. ते आपलेच कळंब. म्हणजे आज तालुक्याचे असलेले हे गाव मोगली अमलात एका सरकारचे ठिकाण होते. त्याच ग्रंथात कोतवालाची कर्तव्ये सांगितली आहेत. चोर आणि चोरीचा माल कोतवालाने शोधून काढावा, नाही तर नुकसानीची जबाबदारी त्याने स्वतः घ्यावी, असा दंडक आहे. रिकामटेकड्यांना एखाद्या हुन्नरास लावावे, असेही त्यात म्हटले आहे. गुन्हा घडल्यावर माणसाला कोंडण्याइतकेच, तो घडू नये म्हणून हाताला काम देणे हे राज्याचे काम आहे, ही समज चारशे वर्षांपूर्वीच्या त्या पानांत दिसते. प्रत्येक सरकारात ती अमलात आली असेल असा दावा आम्ही करत नाही. पण नियम म्हणून ती लिहिलेली होती.

त्या काळी आजच्यासारखे तुरुंग नव्हते. मोगलांनी राजकैद्यांना ग्वाल्हेरसारख्या किल्ल्यांत ठेवले. मराठ्यांच्या राज्यातही कैदी किल्ल्यांवर असत. दंड, फटके, अवयव तोडणे, देहान्त याच मुख्य सजा होत्या. जुना काळ दयाळू होता असे म्हणण्याचे कारण नाही. त्या शिक्षा वाचताना आजही अंगावर काटा येतो. कैद ही बहुधा स्वतंत्र सजा नसे. निवाडा होईपर्यंत, कर्ज फिटेपर्यंत किंवा माणूस वळणावर येईपर्यंतची ती सोय होती. हनफी फिकहमध्ये 'ताझीर' म्हणून जी कैद सांगितली आहे, तिची मुदत अनेकदा वर्षांत मोजलेली नाही. तौबेची चिन्हे दिसेपर्यंत, अशी ती आहे. औरंगजेबाने १६७२ मध्ये गुजरातच्या दिवाणाला पाठवलेल्या फर्मानातही हाच धागा सापडतो. यात एक धोका होता. तौबा खरी की खोटी, हे ठरवणारा शेवटी हाकिमच. पण कैदेचा शेवट माणसाच्या बदलाशी जोडलेला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याहून जुना एक दाखला आपल्या घरात आहे, आणि तो आपल्यालाच फारसा माहीत नाही. इमाम अबू हनीफा खलिफा मन्सूरच्या कैदेत असतानाच इसवी सन ७६७ मध्ये वारले, असे बहुतेक चरित्रकार सांगतात. त्यांचे शागिर्द इमाम अबू यूसुफ पुढे हारून रशीदचे काझी झाले. त्यांनी खलिफासाठी 'किताबुल खराज' लिहिली. ग्रंथ महसुलाचा, पण त्यात कैद्यांवर एक प्रकरण आहे. कैद्यांना साखळदंडात बांधून भीक मागायला बाहेर काढले जाते, ही गोष्ट त्यांनी खलिफाच्या नजरेस आणली. कैद्यांचा खाण्याचा खर्च खजिन्यातून व्हावा, हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे कपडे वेगवेगळे मिळावेत, बेवारस मेलेल्याचे कफन-दफन सरकारने करावे, असे त्यांनी सुचवले. उभे राहून नमाज पढता येणार नाही अशा बेड्या घालू नयेत, ही खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ यांची ताकीदही त्यांनी नोंदवली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कैद्यांच्या प्रकरणांची सतत तपासणी व्हावी. चौकशी होत नाही म्हणूनच तुरुंग भरतात, असे त्यांचे म्हणणे होते. हे बाराशे वर्षांपूर्वीचे लिखाण आहे. ते वाचून आपल्या आजच्या तुरुंगांची आकडेवारी हाती घेतली, तर शतक कोणते, असा प्रश्न पडतो. त्या आकड्यांकडे आपण पुढे येऊच.

इंग्रजी तुरुंगाचा जन्म

आज आपण ज्याला तुरुंग म्हणतो, तो इंग्रजी अमलात आला. मेकॉलेच्या पुढाकाराने १८३६ मध्ये तुरुंगांच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. तिने १८३८ मध्ये अहवाल दिला. कैद्याला शिकवणे, चांगल्या वर्तनाबद्दल बक्षीस देणे, त्याचे मन वळवणे या कल्पना तिने बाजूला सारल्या. तुरुंगातले काम कंटाळवाणे आणि निरस असावे, म्हणजे माणूस पुन्हा येण्यास धजणार नाही, हा तिचा विचार. दहशत बसली की गुन्हा थांबतो, या समजुतीवर आपल्या तुरुंगांचा पाया घातला गेला.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि हीच व्यवस्था आपल्याकडेही आली. पुण्याजवळ येरवड्याचा तुरुंग १८७१ मध्ये उभा राहिला. पुढे १८९४ चा तुरुंग कायदा झाला. त्यात फटक्यांची सजा होती, बेड्या होत्या, कोठडी होती. पण सुटल्यावर माणसाचे काय होणार, याचा विचार नव्हता. सुधारणा हाही तुरुंगाचा हेतू आहे, हे सरकारी कागदावर ठळकपणे आले ते सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९१९-२० च्या अहवालात. तरीही कायदा १८९४ चाच राहिला. देश स्वतंत्र झाला, राज्य मराठी माणसांचे झाले, गांधी-नेहरूंपासून सगळे नेते ज्या तुरुंगांत राहून आले त्यांचा कायदा मात्र तोच. केंद्राने नवा आदर्श कारागृह कायदा तयार करून राज्यांकडे पाठवला तो २०२३ मध्ये. महाराष्ट्राच्या विधिमंडळासमोर नवे विधेयक आले ते २०२४ च्या अखेरीस, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात.

जन्मानेच गुन्हेगार

दहशतीने गुन्हा थांबतो का, याची परीक्षा आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पारधी बेड्यांना विचारून करता येईल. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता; १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा सगळ्या ब्रिटिश मुलखावर गेली. ज्या जमाती या यादीत आल्या, त्यांतल्या माणसाने काही केले आहे की नाही, हे पाहण्याची गरज उरली नाही. जमातीत जन्मला, हाच गुन्हा. नाव नोंदवायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर परवानगी घ्यायची. काही ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती झाल्या. सोलापूरची वसाहत त्यांपैकीच.

हा जणू एक मोठा प्रयोग होता. पिढ्यान्पिढ्या पाळत ठेवली, हजेऱ्या घेतल्या, कोंडले. परिणाम काय झाला? कामावर कोणी ठेवीना, जमीन नाही, शाळा नाही आणि शेजारच्या गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी बेड्यावर. माणसाला पुन्हा पुन्हा तुरुंगात पाठवणारी ही व्यवस्था होती आणि 'हे लोक सुधारतच नाहीत' हा निष्कर्षही तीच काढत होती.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. पारधी आणि इतर भटके समाज हा दिवस 'विमुक्त दिन' म्हणून पाळतात. पण पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आपल्याकडचा १९५९ चा. कागदावरून जमातीचे नाव गेले, संशय गेला नाही. तुरुंगांच्या नियमपुस्तकांतही तो टिकून होता. अनेक राज्यांच्या पुस्तकांत कैद्यांची कामे जातीप्रमाणे वाटलेली होती आणि विमुक्त जमातींच्या कैद्यांना सराईत धरले जात होते. सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि तुरुंगाच्या नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढायला सांगितला. १८७१ ते २०२४, म्हणजे एकशे त्रेपन्न वर्षे.

आम्ही पारध्यांचे उदाहरण मुद्दाम देतो. आपल्या मुलांकडे संशयाने पाहिले जाते तेव्हा आपण कळवळतो. पण बेड्यावरच्या माणसाकडे आपणही त्याच नजरेने पाहत आलो आहोत. शिक्का मारल्याने माणूस सुधारत नाही. शिक्का बसलेल्याला दुसरी वाट उरत नाही. हा नियम एका जमातीपुरता नाही.

कुंपणाशिवायचा तुरुंग

याच महाराष्ट्रात उलटा प्रयोगही झाला. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या छोट्याशा राज्यात काही वेगळे करून पाहायचे ठरवले. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू इंजिनिअर गांधीजींच्या ओढीने या कामात आला होता. त्याच्या कल्पनेतून १९३९ मध्ये आटपाडीजवळ, माणदेशाच्या उजाड माळावर 'स्वतंत्रपूर' उभे राहिले. गंभीर गुन्ह्यांतले कैदी, पण भिंत नाही, साखळी नाही. त्यांनी जमीन कसायची, बायका-मुलांना सोबत आणायचे, तिथेच राहायचे. पुढे याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. सिनेमा पुष्कळांना माहीत आहे. ती वसाहत खरी आहे आणि आजही महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे चालू आहे, हे थोड्यांना ठाऊक असते.

स्वतंत्रपूरनंतर येरवडा, पैठण अशी खुली कारागृहे निघाली. आपल्या बाजूला अमरावती जिल्ह्यात मोर्शीला खुले कारागृह आहे. इथे कोण येतो? ज्याने बंद तुरुंगात काही काळ चांगल्या वर्तनाने काढला आहे असा पक्का कैदी. तो शेतात राबतो, मजुरी मिळवतो आणि त्याला सजेत जास्त माफी मिळते. पळून जायचे ठरवले तर अडवणारी भिंत नाही, आणि तरी ही कारागृहे इतकी वर्षे चालली आहेत. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. खुल्या कारागृहात निवडून घेतलेले कैदी जातात. त्यामुळे तिथल्या यशावरून सगळ्या तुरुंगांचे गणित मांडता येत नाही. पण गंभीर गुन्ह्यातला माणूस कायमचा धोकादायकच असतो, ही समजूत मात्र या माळरानांनी खोटी ठरवली आहे.

बंद तुरुंगांतही महाराष्ट्रात काही चांगल्या गोष्टी झाल्या. जाळीआडून बोलणाऱ्या बापाला लेकरांना मिठीत घेता यावे म्हणून 'गळाभेट' सुरू झाली. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने मे २०२२ मध्ये येरवड्यात 'जिव्हाळा' ही कर्जयोजना काढली. तुरुंगातल्या मजुरीच्या भरवशावर कैद्याला पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळू लागले. पैसा मुलीच्या लग्नाला, पोराच्या फीला, वकिलाला. बँक तुरुंगातल्या माणसावर भरवसा ठेवते, ही रकमेपेक्षा मोठी गोष्ट आहे.

दोन नावे

कायद्याच्या पुस्तकांत तुरुंग सुधारणेच्या संदर्भात दोन मुसलमान नावे पुन्हा पुन्हा येतात. एक मोहम्मद गियासुद्दीन. आंध्रातल्या या तरुणाने नोकरी लावून देतो म्हणून लोकांना फसवले होते. गुन्हा सिद्ध होता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याची सजा अठरा महिन्यांवर आणली आणि त्याला बुद्धीला साजेसे काम मिळावे, मजुरी मिळावी, पॅरोल मिळावा असे सांगितले. सजेचा हेतू सूड नाही, माणूस पुन्हा उभा करणे आहे, हा विचार त्या निकालामुळे न्यायालयांच्या चर्चेत रुजला.

दुसरे नाव हुसैनारा खातून. बिहारच्या तुरुंगांत असे कच्चे कैदी सापडले, की ज्यांच्यावरच्या आरोपाला जेवढी जास्तीत जास्त सजा आहे, त्याहून अधिक काळ ते खटल्याविना आत होते. १९७९ च्या या प्रकरणात खटला लवकर चालणे हा मूलभूत हक्क ठरला.

पुढे १९८० मध्ये केंद्राने तुरुंग सुधारणा समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते न्या. आनंद नारायण मुल्ला. हे अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि उर्दूचे नावाजलेले शायर. कच्च्या आणि पक्क्या कैद्यांना वेगळे ठेवा, सुटल्यानंतरच्या पुनर्वसनाची व्यवस्था करा, असे त्यांच्या समितीने १९८३ मध्ये सांगितले. अहवाल चांगला होता. अंमल तुकड्यातुकड्यांत झाला.

आता ते आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शेकडा ७५ हून अधिक, कच्चे कैदी. गुन्हा सिद्ध न झालेले. तुरुंग सजा देतो की सुधारतो, हा वाद या माणसांपुरता लागूच होत नाही. ज्याचा गुन्हा ठरला नाही त्याला सजा कशाची आणि सुधारायचे कशाला? शिक्षण, हुन्नर, खुले कारागृह, या बहुतेक योजना पक्क्या कैद्यासाठी. कच्चा कैदी फक्त तारखेची वाट पाहतो. पुष्कळांना जामीन मंजूर होऊनही सुटता येत नाही. कारण जामीनदार नाही, सातबारा नाही, भरायला रक्कम नाही. अबू यूसुफ यांनी खलिफाला जे सांगितले होते, ते इथे शब्दशः लागू पडते.

पुन्हा गुन्हा : जगाचा अनुभव

ज्यांना खरेच सजा झाली, त्यांचे काय? अमेरिकेने २००५ मध्ये तीस राज्यांतून सुटलेल्या कैद्यांचा माग ठेवला. तीन वर्षांत सुमारे ६८ टक्के आणि पाच वर्षांत सुमारे ७७ टक्के लोकांना पुन्हा अटक झाली. नॉर्वेत सुटल्यानंतर दोन वर्षांत पुन्हा दोषी ठरणारे सुमारे २० टक्के आहेत. एका ठिकाणी अटक मोजली आहे, दुसऱ्या ठिकाणी दोषसिद्धी, मुदतही वेगळी. म्हणून हे दोन आकडे सरळ शेजारी ठेवू नयेत. पण फरक नुसत्या मोजणीचा नाही.

रॉबर्ट मार्टिनसन या अमेरिकन अभ्यासकाने १९७४ मध्ये सुधारणेच्या बहुतेक कार्यक्रमांचा काही उपयोग दिसत नाही, असे लिहिले आणि तिकडे कडक सजेच्या बाजूने वारे फिरले. पाच वर्षांनी त्यानेच आपले मत बदलले. पण तोवर धोरण पुढे निघून गेले होते. २०२१ मध्ये ११६ अभ्यास एकत्र तपासण्यात आले. त्यातून निघाले ते असे, की इतर शिक्षांच्या तुलनेत नुसत्या कैदेने पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण घटत नाही. झालाच तर किंचित उलटा परिणाम होतो. दुसरीकडे, रँड या संस्थेने २०१३ मध्ये असे दाखवले, की तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांची पुन्हा तुरुंगाकडे वळण्याची शक्यता बरीच कमी असते.

नॉर्वेतला २०२० चा एक अभ्यास आमच्या मते सर्वांत बोलका आहे. तुरुंगात जाण्यापूर्वी जे बेकार होते, त्यांना आत प्रशिक्षण मिळाले, बाहेर काम मिळाले आणि त्यांचे गुन्हे घटले. पण जे आधीच नोकरीत होते, त्यांची नोकरी तेवढी गेली. गुन्ह्यात फरक पडला नाही. थोडक्यात, कोणालाही सुधारण्याची ताकद भिंतीत नाही. हाताला काम आणि बाहेर जागा मिळाली तर माणूस सावरतो. जी होती ती जागाही तुरुंगाने काढून घेतली, तर तो आणखी खोल जातो.

आपल्या घरातली गोष्ट

आता आपल्याविषयी. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत मुसलमान १०.६ टक्के होते. तुरुंगांतले प्रमाण मात्र एक तृतीयांशाच्या आसपास असल्याचे सच्चर समितीच्या काळात, २००६ मध्ये, वर्तमानपत्रांतून पुढे आले. पुढे राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी राज्यातल्या तुरुंगांत जाऊन मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला. तो २०११ मध्ये पूर्ण झाला. ज्यांच्याशी ते बोलले, त्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश जण पहिल्यांदाच पकडले गेले होते. बहुतेकांचा कोणत्याही टोळीशी संबंध नव्हता. गरिबी, अपुरे शिक्षण आणि पोलिसांचा पूर्वग्रह, ही कारणे त्यातून दिसली.

काहींची कैद निव्वळ चुकीची ठरली. मालेगावच्या २००६ च्या स्फोटात पकडलेले नऊ मुसलमान २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. मुंबईच्या २००६ च्या लोकल स्फोटांतील बाराही आरोपींना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले. त्यांपैकी एकाचा २०२१ मध्येच नागपूरच्या तुरुंगात कोरोनाने अंत झाला होता. राज्य सरकार अपिलात गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा इतर खटल्यांत दाखला देण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. आयुष्यातली एकोणीस वर्षे कोण परत देणार, हा प्रश्न राहतोच. आणि स्फोटांत मेलेल्यांच्या घरच्यांचा इन्साफही अधांतरी राहतो, हेही आपण विसरू नये.

पण आत असलेले सगळे निर्दोष आहेत, असे म्हणून आपली सुटका नाही. आपल्यातही चोरी करणारे आहेत, मारामारी करणारे आहेत, बायकोला जाळणारे आहेत. त्यांना सजा झालीच पाहिजे. ज्याचा संसार उद्ध्वस्त झाला त्याला न्याय हवाच. सुधारणेच्या गोष्टी करताना त्याचे दुःख बाजूला सारून चालत नाही. निर्दोषांसाठी मोर्चे निघतात, चंदा जमतो. खरा प्रश्न दोषी माणूस सजा भोगून परत येतो तेव्हा उभा राहतो. त्याच्यासाठी कोणी उभे राहत नाही.

आमच्याच गल्लीतली गोष्ट सांगतो. नाव सांगण्याची गरज नाही. एका भांडणात त्याच्या हातून एक माणूस गंभीर जखमी झाला. सजा झाली, ती भोगून तो आला. जेलमध्ये तो सुतारकाम शिकला होता. आमच्या मालकीची एक लहानशी खोली रिकामी होती. तिथे दुकान टाकतो म्हणून तो आमच्याकडे आला. आम्ही नाही म्हटले. कारण सांगितले नाही. 'पाहुणे येणार आहेत' म्हणालो. पाहुणे कोणीच येणार नव्हते. मशिदीत तो शेजारी उभा राही, खांद्याला खांदा लावून. सलाम फिरला की आम्ही लवकर उठत असू. त्याच्या बहिणीची सोयरीक दोनदा मोडली. पुढे एका कुणबी शेतकऱ्याने त्याला सालदार म्हणून ठेवले. 'काम चांगलं करते पोरगा' एवढेच तो म्हणे. चार वर्षांनी त्याच शेतकऱ्याच्या ओळखीने त्याने स्टँडजवळ दुकान टाकले. आज आमच्या घराचे दार त्यानेच बसवलेले आहे. दार बसवताना त्याने खोलीचा विषय काढला नाही. आम्हालाही काढता आला नाही.

एका उदाहरणाने शास्त्र सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. पण मोठमोठे अभ्यास जे सांगतात, तेच या दारात उभे राहून दिसते. तुरुंगाने त्याला सजा दिली. हुन्नरही दिला, हे कबूल करावे लागेल. पण तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही, यात भिंतीपेक्षा त्या शेतकऱ्याचा वाटा मोठा होता. आमचा काहीच नव्हता.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते फार अवघडही नाही. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने संभाव्य सजेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यात येत नाहीत आणि एकापेक्षा जास्त खटले असतील तरी अडचण येते. पण बाकीच्यांची तारीख कोणी मोजतो आहे का? जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे. तिचा अर्ज कोण लिहून देणार? टाटा संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत कैद्यांच्या कायदेशीर मदतीचे आणि पुनर्वसनाचे काम करत आला आहे. तालुक्याच्या गावीही दोन वकील, एक निवृत्त मास्तर आणि जमातीचे चार जण मिळून त्याची लहान आवृत्ती चालवू शकतात. जकातीच्या खर्चाच्या आठ बाबी कुरआनने सांगितल्या आहेत. त्यांत मान सोडवण्याची बाब आहे, कर्जात बुडालेल्याची आहे. उलेमांनी या बाबींचा आजच्या कच्च्या कैद्याच्या संदर्भात विचार करावा, एवढी आमची विनंती आहे. आणि सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे रिकामी खोली आणि एखादे काम. त्यासाठी फतवाही लागत नाही.

वर्धा रोडवरची ती भिंत सरकारने बांधली. तिच्याआड काय व्हावे, ते सरकारला विचारत राहावे लागेल. पण सुटलेला माणूस संध्याकाळच्या गाडीने कळंबच्या स्टँडवर उतरतो, तेव्हा सरकार त्याच्यासोबत नसते. तिथून घरापर्यंतच्या वाटेवर आपली घरे आहेत.